स्वयंपाकघर ते आतली खोली

सन २०१८च्या एप्रिल महिन्यात, पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चालू असताना, आमच्या शहराच्या मेट्रो स्थानकाला प्रादेशिक रेल्वेच्या स्थानकाशी जोडणारा मार्ग आमच्या घरातून सुरू झाला. माझे स्वयंपाकघर मेट्रोच्या हद्दीत गेले आणि माझ्या नणंदेची खोली रेल्वेच्या.

घर म्हणजे मंदाकिनी सहकारी गृहरचना संस्थेच्या पहिल्या मजल्यावरील सदनिका क्रमांक सहा. इमारतीच्या पूर्वेस मेट्रोचे नवे उन्नत स्थानक आहे, पश्चिमेस रेल्वेचे जुने. आमचे दर्शनी दार पूर्वेला उघडते आणि आतल्या खोलीचे दार पश्चिमेला, मागच्या जिन्यावर. मेट्रोने आपला पूल दर्शनी दाराला आणून टेकवला, रेल्वेने आपला पूल मागच्या दाराला. दर्शनी दारात मेट्रोचे फाटक बसले. कार्ड टेकवले की त्याच्या झडपा उघडतात. आतल्या खोलीत रेल्वेचे तिकीट तपासनीस श्री. भोरकडे यांची खुर्ची आली. मधल्या खोलीतून आतल्या खोलीत जाताना जो सागवानी उंबरठा लागतो, त्याच्यालगत फरशीवर एक पिवळी रेघ मारण्यात आली. रेघेच्या अलीकडे मेट्रो, पलीकडे रेल्वे. न्हाणीघर सुदैवाने माझ्या बाजूला आले.

हे कसे घडले ते सांगणे आवश्यक आहे, कारण लोक काहीबाही बोलतात.

आदल्या वर्षी जानेवारीत दोन्ही प्रशासनांनी मिळून एका सल्लागार संस्थेकडून पादचाऱ्यांची मोजणी करवून घेतली. माणसे पूर्वेकडून पश्चिमेकडे आपणहून कोठून जातात ते पाहावे आणि जोडमार्ग तेथूनच काढावा, असा विचार होता. मोजणीसाठी नेमलेले दोन तरुण आमच्या इमारतीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले, तो आमच्याकडील संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा दिवस होता. यजमान गेल्यावरही मी हळदीकुंकू बंद केलेले नाही. माझ्या थोरल्या नणंदेचे, म्हणजे द्वारकावन्संचे, यजमान आहेत की नाहीत हे साठ वर्षांत कोणी कळवलेले नाही. त्याही कुंकू लावतात आणि लावून घेतात. आमच्याकडे सगळ्याजणी येतात. दाटी होऊ नये म्हणून माझी पद्धत अशी, की बायकांनी दर्शनी दाराने यावे, मधल्या खोलीत हळदीकुंकू व तिळगूळ घ्यावा, आतल्या खोलीत वन्संना नमस्कार करावा, वाण घ्यावे आणि मागच्या जिन्याने उतरावे. आल्या वाटेने परत फिरायचे नाही. ही पद्धत चोख आहे आणि तिच्याविषयी आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

अहवाल आला तो असा: शहरातील सर्वाधिक वर्दळीचा पूर्व-पश्चिम पादचारी मार्ग सदनिका क्रमांक सहामधून जातो, प्रवाह एकाच दिशेचा व शिस्तबद्ध आहे, महिला प्रवाशांचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या हाती खरेदी केलेली वस्तू दिसत असल्याने या जागेस व्यापारी भवितव्यही आहे. ती वस्तू म्हणजे चहाची गाळणी. त्या वर्षीचे वाण.

मी हरकत नोंदवली. मार्ग प्रशासन ठरवत नसते, लोकांची पावले ठरवतात, असे उत्तर आले. गृहरचना संस्थेच्या सचिवांनी ना-हरकत दाखला दिला. ते तळमजल्यावर राहतात.

मार्ग सुरू झाला त्या सकाळपासून माणसे घरातून जाऊ लागली. एकानेही आत येण्यापूर्वी विचारले नाही. चपला बाहेर काढाव्यात अशी पाटी मी दारावर लावली, ती मेट्रोच्या स्थानक नियंत्रक कुमारी ढोबळे यांनी स्वतः उतरवली.

"आजी, यानं पॅसेंजर फ्लो अडतो," त्या म्हणाल्या.

"इथे देव आहेत."

"देवांना आपण स्टेशनच्या डेकोरमध्ये घेतलंय ना. प्लॅनमध्ये आहेत ते."

थोड्या वेळाने एका गृहस्थाने स्वयंपाकघरात डोकावून सांगितले, "आजी, दोन चहा. एकात साखर कमी." मी त्याच्याकडे पाहिले. चहा न घेता पुढे जाणे त्याने पसंत केले.

या सगळ्याशी मी जुळवून घेतले असते. अडले ते पेजेवर.

द्वारकावन्सं तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या घशाखाली एकच अन्न उतरत होते: तांदळाची पातळ, कढत पेज. पेज निवली की घट्ट होते, आणि घट्ट घास त्यांच्या श्वासात अडकतो. असे एकदा झाले होते आणि डॉक्टर वेळेवर पोहोचले म्हणून त्या राहिल्या. "गरम आणि पातळ," डॉक्टरांनी मला बजावले होते. "गार झालेली द्याल तर मला बोलावूच नका." एवढी एक गोष्ट मला दिवसातून दोनदा करायची होती. चुलीपासून कॉटपर्यंत.

मी वाडगा घेऊन रेघेशी आले. भोरकड्यांनी हात आडवा केला.

"आजी, तिकीट?"

"कसले तिकीट? मी पेज घेऊन चालले आहे."

"पेजेले लागत नाही. तुमाले लागते."

"हे माझे घर आहे."

"हाये ना. म्या कधी नाही म्हटलं?" त्यांनी टोपी सारखी केली. "पण रेघेच्या इकडं रेल्वे हाये. फलाट तिकीट तरी पाह्यजे."

"ते कोठे मिळते?"

"खाली, पश्चिमेच्या खिडकीवर."

"मग मला या मागच्या दाराने उतरू द्या. घेऊन येते."

"त्या दाराशी जाचं तं रेघ ओलांडा लागते, आजी. अन् रेघ ओलांडाले तिकीट लागते."

आतून वन्संचा आवाज आला. "कोण आहे गं, मनोरमे?"

"तिकीट तपासनीस आहेत, वन्सं."

"मग दाखव की तिकीट! आमच्या माधवानं जन्मात कधी फुकट प्रवास केला नाही. तू आठल्यांची सून ना?"

माधव म्हणजे माझे यजमान. मी भोरकड्यांना विचारले की वन्सं स्वतः रेल्वेच्या हद्दीत विनातिकीट आहेत, त्यांचे काय.

"त्या बायकांच्या वेटिंग रूममंदी हायेत. वाट पाहणाऱ्याले आमी उठवत नाही. फकस्त कोणती गाडी ते सांगा लागते."

"वन्सं, तुमची गाडी कोणती ते विचारताहेत."

"माझी अजून आली नाही म्हणावं."

भोरकड्यांनी तशी नोंद केली. आपली गाडी येईपर्यंत द्वारकावन्संनी तेथे पडून राहण्यास रेल्वेची हरकत नाही, असे मला रीतसर कळवण्यात आले.

तेव्हा रीतसर मार्ग एकच उरला. वाडगा घेऊन दर्शनी दाराने मेट्रोच्या फाटकाबाहेर पडायचे, पूल उतरायचा, इमारतीला वळसा घालून रहदारीचा रस्ता ओलांडायचा, रेल्वेच्या खिडकीवर रांगेत उभे राहून फलाट तिकीट घ्यायचे, दुसरा पूल चढायचा, आणि मागच्या दाराने आपल्याच घरात शिरून वन्संच्या उशाशी पोहोचायचे. तोवर पेज थिजलेली असे. मी ती चमच्याने ढवळत, वन्संच्या खोलीतल्या माठातले पाणी घालून पातळ करीत असे. पातळ होई, गरम होत नसे. वन्सं दोन घास घेत आणि तोंड मिटत.

मी एकटीच वळसा घालत होते असे नाही. ज्यांच्याकडे दोन्ही प्रशासनांचे पास होते ते सरळ निघून जात. बाकीचे माझ्यासारखेच रेघेपर्यंत येत, अडत, माझ्या मधल्या खोलीत उभे राहून शिव्या देत आणि खाली उतरत. एवढा खर्च करून जोडमार्ग बांधला होता. जोडतिकीट मात्र नव्हते. दोन स्थानके जोडायची आणि माणसांना मधोमध तोडायचे, याला नियोजन म्हणण्याइतके मराठी मला येत नाही. मी सन १९५५ची मॅट्रिक आहे.

कोणी म्हणेल, म्हातारीने गुपचूप रेघ ओलांडायची होती. विनातिकीट प्रवास हा माझ्या दृष्टीने चोरीचा प्रकार आहे आणि तो घरात केला म्हणून त्याचे नाव बदलत नाही. शिवाय मी सगळे रीतसर उपाय करून पाहिले. रेल्वेचा पास मागितला. पासधारकाने येणाऱ्या पहिल्या गाडीत चढणे बंधनकारक निघाले, आणि एका सकाळी मी वाडग्यासह पुढच्या स्थानकापर्यंत जाऊन आले. फलाट तिकिटे आगाऊ मागितली. ती ताजीच घ्यावी लागतात. पेज थर्मासमध्ये भरली. झाकणबंद गरम द्रव रेल्वेच्या तपासणीत अडवला गेला. वन्संच्या खोलीत शेगडी ठेवू म्हटले, तर रेल्वेच्या हद्दीत विस्तवाला मनाई. भोरकड्यांना म्हटले, निदान माझ्या हातून वाडगा घेऊन तुम्ही पलीकडे ठेवा. त्यावर ते खरोखर ओशाळले.

"आजी, ते पार्सल होते. पार्सल जंक्शनवर बुक करा लागते. दोन दिसांनी येते."

वन्संची कॉट माझ्या बाजूला आणण्याचा विचार निघाला. कॉट अवजड सामानात मोडत होती, आणि त्याआधी वन्संनीच तो विचार मोडून काढला. "सासरहून या खोलीत परत आले ना, ती पुन्हा उठून जाण्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "मी इथून हलले तर आडवीच हलेन. सांग त्या टोपीवाल्याला."

आषाढ-श्रावणात माझ्या एका हातात छत्री आणि एका हातात वाडगा असे. भाद्रपदात वन्संच्या मनगटातली पाटली कोपराकडे घसरू लागली. डॉक्टर मागच्या जिन्याने आले, बाहेर येऊन मला म्हणाले, "अन्न जात नाहीये, मनोरमाबाई. हे असंच राहिलं तर दिवाळीनंतरचं मी सांगत नाही."

"दिवाळीनंतर काय सांगत नाही?"

त्यांनी ते सांगितले नाही.

मी एकात्मिक भाडे समितीकडे अर्जामागून अर्ज केले. माझी मागणी साधी होती. माझे घर स्थानक असेल तर ते भाडेपत्रकात दाखवा. स्वयंपाकघरापासून आतल्या खोलीपर्यंतचे तिकीट काढा. काय असेल ते भाडे मी देईन. सवलत मी मागितलेली नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर समितीचे सदस्य-सचिव श्री. सातभाई प्रत्यक्ष पाहणीसाठी आले. मेट्रोच्या बाजूने कुमारी ढोबळे मोजपट्टी घेऊन उभ्या राहिल्या, रेल्वेच्या बाजूने भोरकडे. मी सर्वांना चहा दिला. तो माझ्या हद्दीतला होता.

"आजी, तत्त्वतः दोन्ही प्रशासनं तुमच्या बाजूनं आहेत," सातभाई बशीत चहा ओतत म्हणाले.

"आणि पेज कोणाच्या बाजूने आहे?"

"प्रश्न उत्पन्नाच्या वाटपाचा आहे. एक तिकीट म्हटलं की भाड्याची विभागणी आली. कोणाच्या हद्दीत किती अंतर, त्या प्रमाणात. सगळं जुळलंय. फक्त हा उंबरठा राहिलाय."

ढोबळेबाईंनी उंबरठा मोजला. "प्रवासी यावर पाय ठेवतो, तेव्हा तो आमच्याकडून आलेला असतो, सर. म्हणजे उंबरठ्याचं भाडं मेट्रोचं."

"पण पाय उचलते तवा आमच्याकडं येते," भोरकडे म्हणाले.

"अहो, उंबरठ्यावर पाय देतात का कोणी?" वन्संचा आवाज आता बारीक झाला होता, पण आला. "ओलांडायचा असतो तो! आयांनी काही शिकवलं नाही वाटतं यांना."

सातभाईंनी कप खाली ठेवला. "हा मुद्दा महत्त्वाचा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पाय ठेवलाच नाही, तर उंबरठ्यापुरतं भाडं उद्भवतच नाही. पण मग तेवढ्या अंतरात प्रवासी कोणाच्या ताब्यात असतो?"

तिघेही वाकून उंबरठा न्याहाळू लागले.

"मी एक विचारू?" मी म्हणाले. "या उंबरठ्याचे उत्पन्न तुम्हा दोघांना हवे आहे. इतक्या माणसांच्या चपलांची माती येथे पडते, ती रोज मी झाडते. तो केर कोणाच्या हद्दीत येतो?"

"केराबाबत अजून कोणी दावा केलेला नाही," सातभाई म्हणाले.

"उंबरठा बाजूला ठेवा. स्वयंपाकघर ते आतली खोली, एवढे तिकीट आजपासून द्या."

"त्यात दुसरी अडचण आहे. भाडं टप्प्यांवर असतं. तुमचं अंतर पहिल्या टप्प्यातसुद्धा बसत नाही. अंतर शून्य धरलं तर भाडं शून्य. शून्य भाड्याचं तिकीट छापता येत नाही. आणि तिकिटाशिवाय तर तुम्हाला जाता येणार नाही."

"म्हणजे वन्सं फार जवळ आहेत, म्हणून मी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही."

"अगदी बरोबर समजलात," सातभाई समाधानाने म्हणाले. "फार थोड्या लोकांना हे इतक्या लवकर समजतं."

मला आयुष्यात राग आला नाही असे नाही. परंतु राग आला की मी तो पोळपाटावर, पितळेच्या भांड्यांवर काढत आले. माणसांसमोर तो आणणे मला कधी शोभले नाही. त्या क्षणी माझ्या कानशिलांत जे तापले त्याला भांडी पुरली नसती. माझ्या खुर्च्यांवर बसून, माझा चहा पिऊन, चांगली शिकलेली तीन माणसे एका भुकेल्या बाईपासून दहा हातांवर सागवानी लाकडाचे भाडे मोजत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणाही नव्हता. दुष्टपणा असता तर मी समजू शकले असते.

तेवढ्यात आतून आवाज आला, "मनोरमे, भूक लागली गं."

या घरात आल्यापासून वन्संनी मागून खाल्ल्याचे मला आठवत नाही. वाढायला उशीर झाला तर त्या टोमणा मारीत, जेवण टाकून बसत. पण भूक लागली असे कधी म्हणत नसत. परत आलेल्या मुलीने मागू नये, अशा काळात त्या परत आल्या होत्या.

शेगडीवरची पेज रटरटत होती. मी ती वाडग्यात ओतली, पदर खोचला आणि रेघ ओलांडली. उंबरठाही ओलांडला, त्यावर पाय न देता.

भोरकडे उठून उभे राहिले. "आजी," ते अगदी हळू म्हणाले, "तिकीट?"

"नाही. मी विनातिकीट आले आहे. आधी यांना भरवते, मग तुमचे काम करा."

मी वन्संच्या मानेखाली उशी दिली आणि फुंकर घालून पहिला चमचा तोंडाशी नेला. खोलीतून जाणारे प्रवासी थांबले होते. वन्संनी सगळा वाडगा संपवला, कपाळावर घाम येईपर्यंत.

"आज कढत आहे," त्या म्हणाल्या. मग कॉटभोवतीच्या पडद्याबाहेरच्या माणसांकडे पाहून विचारले, "तुला धरलं की काय?"

"धरले आहे."

"बरं झालं बाई. जन्मभर तुझं सगळं नीटनेटकं. माणसाला कंटाळा येतो त्याचा."

मी तोंड पुसून दिले आणि भोरकड्यांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी दंडाचे पावतीपुस्तक काढले खरे, पण लेखणी अडली.

"प्रवासी कोठून आला ते ठाऊक नसन तं गाडी जेथून सुटते तेथून धरतो आमी. तसंच लिहितो, आजी. सगळ्याहीले सोपं जाईन."

"खोटे लिहायचे नाही. मी कोठून आले हे तुम्हाला ठाऊक आहे. कोठून: स्वयंपाकघर. कोठे: आतली खोली."

"सवैपाकघर यादीत नाही."

"मी तेथून आले की नाही?"

"आल्या."

"मग लिहा."

"रेल्वेच्या पावतीवर मेट्रोच्या हद्दीतली जागा कशी येईल?" ढोबळेबाई मधल्या खोलीतून म्हणाल्या.

"मी आले तशी," मी म्हणाले.

"भोरकडे, थांबा, लिहू नका," सातभाई उठत म्हणाले. रेघ ओलांडायला त्यांच्याकडेही तिकीट नव्हते, म्हणून ते रेघेवरच थांबले. भोरकड्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि लिहिले. मी दंड भरला, पावती वाचून पाहिली, "स्वयंपाकघर"मधला राहिलेला अनुस्वार त्यांच्याकडून देऊन घेतला, आणि मागच्या जिन्याने उतरून रीतसर वळसा घालून माझ्या घरी परत आले.

त्यानंतर रोज दोन वेळा मी वाडगा घेऊन विनातिकीट जात असे आणि दोन वेळा दंड भरत असे. परतताना मात्र दर वेळी मागच्या जिन्याने उतरून, मेट्रोचे तिकीट काढून येत असे. जाताना हातात कढत पेज असे. येताना रिकामा वाडगा. रिकाम्या वाडग्यासाठी कायदा मोडण्याचे मला कारण दिसत नव्हते.

वन्सं सावरल्या. दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी काही सांगितले नाही. पाटली हळूहळू मनगटाकडे परतली.

पावत्यांच्या प्रती रेल्वेच्या मुख्य कार्यालयात गेल्या. दंड ज्या दोन स्थानकांदरम्यान वसूल होतो ती दोन्ही स्थानके भाडेपत्रकात असलीच पाहिजेत, असा नियम असल्याने हिशेब विभागाने ती त्यात घातली. पहिले स्थानक मेट्रोच्या हद्दीत असल्याने दंडातील मेट्रोचा हिस्सा मेट्रोकडे पाठवण्यात आला. मेट्रोने तो ठेवून घेतला. एकदा हिस्सा घेतल्यावर विभागणी मान्य नाही असे तिला म्हणता येईना, आणि एका जोडीची विभागणी मान्य केल्यावर उरलेल्या स्थानकांची अमान्य का, याचे उत्तर कोणाला देता येईना. चार वर्षे ज्या जोडतिकिटासाठी समिती बसत होती, ते अशा रीतीने मंजूर झाले. शून्य अंतराचा प्रश्नही मिटला. त्या अंतराचा दंड भरला गेला होता, अर्थात ते अंतर होते.

दिनांक २० डिसेंबर २०१८, मार्गशीर्षातील गुरुवार, या दिवशी हेमंत ऋतूत संपूर्ण शहरासाठी एकच तिकीट लागू झाले. भाडेपत्रकाची पहिली ओळ स्वयंपाकघर ते आतली खोली अशी होती. सातभाई हार घेऊन आले. ढोबळेबाईंनी ओट्याशेजारी बसवलेल्या यंत्रातून मला पहिले तिकीट काढून दिले. मी वाडगा घेतला, तिकीट भोरकड्यांना दाखवले, त्यांनी ते टोचून परत केले आणि बाजूला सरून उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी पेज घेतली.

"मीठ बेताचंच आहे," त्या म्हणाल्या. "पण कढत आहे."

मी रिकामा वाडगा घेऊन निघाले, तेव्हा भोरकड्यांनी हात आडवा केला.

"आजी, परतीचं तिकीट?"

"हे जोडतिकीट आहे ना?"

"जाचं हाये. येचं नाही."

मी रेघेपलीकडे उभ्या असलेल्या सातभाईंकडे पाहिले. त्यांनी समितीचा आदेश उघडला आणि मला वाचून दाखवला. उपलब्ध सर्व पावत्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याच्या असल्याने जोडतिकीट त्याच दिशेने लागू करण्यात आले होते. पश्चिमेकडून येणाऱ्यांना पूर्वीप्रमाणेच खाली उतरून दुसरे तिकीट घ्यावे लागणार होते, साऱ्या शहराला. कारण पुढे दिले होते: सदर महिला परतीचा प्रवास नियमितपणे बाहेरील मार्गाने व स्वखुशीने करीत असल्याचे आढळून आले असून, यावरून परतीच्या दिशेस जोडतिकिटाची गरज नसल्याचे स्पष्ट होते. सबब हे प्रकरण अंतिमतः निकालात काढण्यात येत आहे.

"स्वखुशीने," मी म्हणाले.

"तसं दिसून आलं," सातभाई म्हणाले. "तुमच्या शिस्तीचा समितीनं मुद्दाम गौरवानं उल्लेख केला आहे."

मागच्या दाराने नुकत्याच आलेल्या गाडीची माणसे आत शिरली होती आणि रेघेशी येऊन तुंबली होती. एकीच्या कडेवर मूल होते. ती परत वळून जिना उतरू लागली.

"मग काय, आता इथेच राहतेस का?" वन्संनी विचारले. "राहा बाई. मला सोबत होईल."

"कुकर लावून आले आहे, वन्सं."

मी त्या जिना उतरणाऱ्या बाईला हाक मारून थांबायला सांगितले. मग पदर खोचला, रिकामा वाडगा काखेला धरला आणि म्हणाले, "भोरकडे, पावतीपुस्तक काढा. कोठून: आतली खोली."

ते त्यांच्या हातात उघडेच होते.